बोट कुणाच्या धक्क्याला लागणार? युरोपच्या सागरी स्थलांतरातली जबाबदारी वाटून घेण्याच्या पाच पद्धती, शेजारी शेजारी ठेवून

लांपेदुसा हे इटलीचं बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे. बेटाची वस्ती सुमारे ६,०००. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन-तीन दिवसांतच या वस्तीपेक्षा जास्त माणसं लहान लहान बोटींतून तिथे उतरली. धक्क्यावर उतरलेल्या या माणसांची जबाबदारी बेटाची, इटलीची, की युरोपीय संघाच्या सगळ्या २७ देशांची? १९९० पासून युरोपने या प्रश्नाची पाच वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. त्यातली काही आजही एकाच वेळी चालू आहेत.

हा आढावा ज्यांना या विषयावर ठाम मत बनवायचं आहे त्यांच्यासाठी आहे. जर्मनी, आयर्लंड किंवा नेदरलँड्सचं नागरिकत्व घेतलेले मराठी लोक आणि १९६१ पूर्वीच्या गोव्याच्या नात्याने पोर्तुगीज पासपोर्ट मिळालेले गोमंतकीय युरोपीय संसदेसाठी मतदान करू शकतात. या मुद्द्यावर कुणाला पाठिंबा द्यायचा हे त्यांना खरोखरच ठरवावं लागतं. भारताचा आणखी एक थेट संबंध आहे. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये ‘सुरक्षित मूळ देशां’ची जी सामायिक यादी मांडली, तिच्यातल्या सात नावांत बांगलादेश, इजिप्त आणि ट्युनिशियाबरोबर भारतही आहे. अशा देशाच्या नागरिकाने आश्रय मागितला, तर त्याचा अर्ज वेगवान प्रक्रियेत जातो आणि आपल्याला खरंच धोका आहे हे पटवण्याचा भार त्याच्यावर जास्त पडतो.

शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करतो. इथे ‘बेकायदा’ऐवजी ‘अनियमित’ म्हटलं आहे, आणि ते मवाळपणा म्हणून नाही. जीव वाचवण्यासाठी थेट आलेल्या निर्वासिताला विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असं १९५१ च्या निर्वासित कराराचं ३१ वं कलम सांगतं. कोण निर्वासित आणि कोण नाही, हे बोटीत बसलेल्या माणसाकडे पाहून कळत नाही. ते अर्ज तपासल्यावरच कळतं.

आधी समुद्राचा कायदा, कारण गुंता तिथूनच सुरू होतो

संकटात सापडलेल्याला वाचवणं हे प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे. त्यात झेंडा, राष्ट्रीयत्व, कागदपत्रं काहीही आड येत नाही. १९७९ च्या हॅम्बर्ग कराराने समुद्र शोध-बचाव क्षेत्रांत वाटला. ज्या देशाचं क्षेत्र, त्याने बचावाचं समन्वयन करायचं आणि माणसं ‘सुरक्षित ठिकाणी’ पोचतील हे पाहायचं. पण बंदर नेमकं कुणी उघडायचं, हे कायदा स्पष्ट सांगत नाही. २००४ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी समन्वय करणाऱ्या देशाकडे झुकवली, तेव्हा माल्टाने ती दुरुस्ती स्वीकारलीच नाही. माल्टाची जमीन ३१६ चौरस किलोमीटर आणि शोध-बचाव क्षेत्र सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर. इटलीचं लांपेदुसासुद्धा माल्टाच्याच क्षेत्रात येतं. म्हणून माल्टा म्हणतो, सर्वांत जवळच्या सुरक्षित बंदरात न्या. इटली म्हणते, क्षेत्र तुमचं, माणसं तुम्ही घ्या.

या वादाची किंमत ११ ऑक्टोबर २०१३ ला दिसली. बुडणाऱ्या बोटीवरून मदतीचे फोन येत राहिले आणि रोम व माल्टा एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. २६० हून अधिक माणसं गेली, त्यात सुमारे ६० मुलं होती. इटलीने जीव वाचवण्याची जबाबदारी पार पाडली नाही, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२१ मध्ये काढला. म्हणूनच पुढची प्रत्येक पद्धत तपासताना तीन प्रश्न हाताशी ठेवा. बोट कोण उचलतं? ती कुठे उतरवली जाते? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या आश्रय-अर्जाची फाईल कोणत्या देशाच्या टेबलावर असते?

पहिली पद्धत: डब्लिन, म्हणजे पहिला पाय जिथे पडला तो देश

१९९० चा डब्लिन करार, मग २००३ चं ‘डब्लिन दोन’ आणि २०१३ चं ‘डब्लिन तीन’. आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा, याच्या निकषांचा क्रम असा: आधी कुटुंब, मग कुणी व्हिसा किंवा निवास परवाना दिला, आणि त्यानंतर कोणत्या देशातून अनियमित प्रवेश झाला. कागदावर कुटुंब सर्वांत वर आहे. प्रत्यक्षात लिबियाहून आलेल्या माणसाकडे भावाशी किंवा बायकोशी नातं सिद्ध करणारे कागद क्वचितच असतात. त्यामुळे समुद्रमार्गे आलेल्यांच्या बाबतीत प्रवेशाचा देश हाच निकष लागू पडतो आणि तो देश म्हणजे इटली, ग्रीस, माल्टा, सायप्रस किंवा स्पेन. पुरावा युरोडॅक या बोटांच्या ठशांच्या सामायिक संगणकीय नोंदीतून मिळतो, जी जानेवारी २००३ पासून चालू आहे.

ही पद्धत अडते ती मुदतींमुळे. ‘डब्लिन तीन’नुसार अनियमित प्रवेशाची जबाबदारी १२ महिन्यांनी संपते. प्रवेशाच्या देशाकडे परत पाठवणी मंजूर झाल्यापासून ६ महिन्यांत करावी लागते. माणूस बेपत्ता झाला तर १८ महिने मिळतात. मुदत टळली की फाईल आपोआप त्या देशाची होते जिथे माणूस आहे. त्यामुळे जर्मनीत पोचलेला माणूस मुदत संपायची वाट पाहत थांबतो. ज्या देशावर ओझं येणार, त्याला ठसे घेण्याची घाई नसते. २०१५-१६ मध्ये ‘हॉटस्पॉट’ नावाची नोंदणी केंद्रं, जशी इटलीत लांपेदुसा, पोझ्झालो, त्रापानी आणि ग्रीसमध्ये लेस्बोस, किऑस, सामोस, लेरोस, कोस, उभी राहिल्यावरच इटली आणि ग्रीसमध्ये ठसे नियमित घेतले जाऊ लागले.

शिवाय प्रवेशाच्या देशातली व्यवस्थाच कोसळली तर? बेल्जियमने एका अफगाण अर्जदाराला ग्रीसला परत पाठवलं, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दोन्ही देशांना दोषी ठरवलं. त्यानंतर ग्रीसकडे डब्लिनची पाठवणी वर्षानुवर्षं जवळपास बंद राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये जागा नाही म्हणून इटलीनेच बाकीच्या देशांना परत पाठवणी थांबवायला कळवलं. नियम अस्तित्वात होता, पण चालत नव्हता.

दुसरी पद्धत: २०१५ चा सक्तीचा कोटा

हा प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण ‘वाटून घेऊ’ असं म्हणणारा प्रत्येक जण मनात हेच चित्र धरून बोलतो.

२०१५ मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक माणसं युरोपात आली. त्यातली साडेआठ लाखांहून जास्त ग्रीसमध्ये आणि सुमारे दीड लाख इटलीत. सप्टेंबरमध्ये सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेने दोन निर्णय घेतले, ४०,००० आणि १,२०,००० असे मिळून १,६०,००० जणांच्या फेरवाटपाचे, म्हणजे त्यांना दुसऱ्या सदस्य देशांत पाठवण्याचे. दुसरा निर्णय २२ सप्टेंबरला बहुमताने झाला. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रोमानियाने विरोधात मत दिलं, फिनलंड तटस्थ राहिलं. घेणाऱ्या देशाला माणशी ६,००० युरो आणि इटली-ग्रीसला प्रवासखर्चाचे माणशी ५०० युरो ठरले. मुदत दोन वर्षं.

प्रत्यक्ष फेरवाटप झालं साधारण ३४,७०० जणांचं. त्यातले जवळपास २२,००० ग्रीसमधून गेले. पोलंड आणि हंगेरीने एकही माणूस घेतला नाही. चेक प्रजासत्ताकाने १२ आणि स्लोव्हाकियाने १६ घेतले.

याचं सगळं खापर पूर्व युरोपवर फोडलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. खरी चूक पात्रतेच्या अटीत होती. ज्या राष्ट्रीयत्वाच्या अर्जांना संघभर सरासरी ७५ टक्के किंवा जास्त मान्यता मिळते, त्यांनाच फेरवाटप लागू होतं. सिरियन आणि एरिट्रियन त्यात बसत. पण २०१६ मध्ये इटलीत विक्रमी १,८१,४३६ माणसं उतरली आणि त्यांत सर्वांत मोठा गट नायजेरियनांचा होता. नायजेरिया, गिनी, गाम्बियाचे लोक या अटीत बसत नव्हते. म्हणजे योजना ग्रीसच्या २०१५ च्या परिस्थितीला मापून शिवलेली होती आणि इटलीच्या २०१६ च्या अंगाला ती बसलीच नाही. शिवाय घेणारे देश सुरक्षा तपासणीत महिनोन्महिने लावत. अर्जदाराला देश निवडता येत नव्हता, त्यामुळे जिथे ना ओळखीचं कुणी ना भाषा येते, अशा ठिकाणी पाठवलेले काही जण पुन्हा जर्मनीकडे निघून गेले.

न्यायालयात मात्र कोटा टिकला. सप्टेंबर २०१७ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने स्लोव्हाकिया आणि हंगेरीचे दावे फेटाळले. २ एप्रिल २०२० ला पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाने कर्तव्य मोडल्याचं जाहीर केलं. तोवर योजना संपून अडीच वर्षं झाली होती आणि वसूल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसरी पद्धत: जहाजागणिक सौदा

२०१८ नंतर स्वयंसेवी संस्थांची बचाव जहाजं बंदराबाहेर दिवसचे दिवस ताटकळू लागली. तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये माल्टातल्या व्हित्तोरिओसाला इटली, माल्टा, फ्रान्स आणि जर्मनीने एक जाहीरनामा केला. खोल समुद्रात वाचवलेल्यांना उतरवून घ्यायचं आणि चार आठवड्यांत इच्छुक देशांत वाटायचं. सरकारी जहाजाने वाचवलेली माणसं त्या झेंड्याच्याच देशात उतरवायची. आपणहून किनाऱ्याला लागलेल्या बोटी यात नव्हत्याच, आणि इटलीत येणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण मोठं होतं. जून २०२२ च्या ऐच्छिक एकजूट घोषणेने हीच कल्पना जास्त देशांपर्यंत नेली. आश्वासनं मिळाली, पण माणसं फार कमी हलली. धक्क्यावरची कोंडी तात्पुरती फोडायला ही पद्धत ठीक आहे. धोरण म्हणून तिच्यावर विसंबू नये, कारण प्रत्येक जहाजासाठी फोनाफोनी नव्याने सुरू होते आणि डेकवरची माणसं तोवर तिथेच राहतात.

चौथी पद्धत: ओझं बाहेर ठेवणं

आकडे सर्वांत झपाट्याने खाली येतात ते इथे. त्यामुळे ज्यांना फक्त आकडा पाहायचा असतो, त्यांना ही पद्धत सर्वांत पटते.

१८ मार्च २०१६ चं युरोप-तुर्की निवेदन घ्या. ग्रीक बेटांवर अनियमितपणे आलेल्यांना तुर्कीने परत घ्यायचं आणि प्रत्येक परत गेलेल्या सिरियनामागे एक सिरियन तुर्कीतून रीतसर युरोपात यायचा. कमाल मर्यादा ७२,०००. तुर्कीतल्या निर्वासितांसाठी युरोपने ६ अब्ज युरो, म्हणजे ६०० कोटी, द्यायचे. ग्रीसमध्ये समुद्रमार्गे येणाऱ्यांची संख्या २०१५ च्या साडेआठ लाखांवरून २०१७ मध्ये तीस हजारांच्या आत आली. पण मार्च २०२० पर्यंत तुर्कीला परत गेले ते जेमतेम दोन हजारांच्या वर. बाकीचे बेटांवर अडकले. लेस्बोसची मोरिया छावणी सुमारे ३,००० जणांसाठी होती, तिथे २०२० च्या सुरुवातीला २०,००० च्या आसपास माणसं होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जळून खाक झाली.

लिबियाचं प्रकरण याहून गंभीर आहे. २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी सुमारे २०० जणांना समुद्रातून उचलून थेट त्रिपोलीला परत नेलं. त्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये स्ट्रासबर्ग न्यायालयाने इटलीला दोषी ठरवलं: छळाचा धोका असलेल्या ठिकाणी परत पाठवणं आणि सामूहिक हकालपट्टी, दोन्ही निषिद्ध. मग वाट बदलली. २ फेब्रुवारी २०१७ च्या समझोत्याने इटलीने लिबियाच्या तटरक्षक दलाला नौका आणि प्रशिक्षण दिलं, म्हणजे परत नेणारा हात इटलीचा राहिला नाही. इटलीतली आवक २०१७ च्या १,१९,३६९ वरून २०१८ मध्ये २३,३७० वर आली. परत नेलेली माणसं लिबियाच्या कोठड्यांत गेली. तिथल्या वागणुकीत मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च २०२३ मध्ये नोंदवला. ही वस्तुस्थिती बाजूला ठेवून आकड्याचं कौतुक करणं आम्हाला मान्य नाही.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. दुसऱ्याच्या हाती फाटकाची किल्ली दिली की तो ती हवी तेव्हा फिरवतो. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तुर्कीने यापुढे अडवणार नाही म्हटलं आणि ग्रीस-तुर्कीमधल्या एव्रोस सीमेवर हजारो माणसं जमली. मे २०२१ मध्ये स्पेनशी बिनसल्यावर मोरोक्कोने पहारा सैल केला आणि दोन दिवसांत सुमारे ८,००० जण सेउता या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश शहरात पोचले. जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियाशी समझोता झाला, सीमा व्यवस्थापनासाठी १०.५ कोटी युरो ठरले, आणि दोनच महिन्यांनी लांपेदुसाची ती सप्टेंबरची गर्दी झाली.

अल्बेनियाचा करार वेगळा आहे, तो याच खोक्यात टाकू नका. नोव्हेंबर २०२३ च्या या करारात जागा अल्बेनियाची असली तरी कायदा, अधिकारी आणि न्यायालयं इटलीची आहेत. शेंगजिन बंदरात नोंदणी, ग्यादरला केंद्र, एका वेळी ३,००० पर्यंत माणसं, पाच वर्षांचा अंदाजे खर्च ६७ कोटी युरो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलाच्या ‘लिब्रा’ जहाजाने पहिल्या खेपेत १६ जण नेले, १० बांगलादेशी आणि ६ इजिप्शियन. चार जण लगेच परत आणावे लागले, कारण कुणी अल्पवयीन होतं तर कुणी आजारी. उरलेले १२ रोमच्या न्यायालयाच्या आदेशाने काही दिवसांत परतले. एखाद्या देशाला ‘सुरक्षित’ ठरवण्याचा सरकारचा निर्णय न्यायालय तपासू शकतं, हे युरोपीय न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ ला स्पष्ट केलं. एप्रिल २०२५ पासून ग्यादरचा वापर प्रामुख्याने परत पाठवणीच्या कोठडीसारखा होतो आहे.

पाचवी पद्धत: २०२४ चा स्थलांतर आणि आश्रय करार

सप्टेंबर २०२० मध्ये मांडलेला हा दहा कायद्यांचा संच एप्रिल २०२४ मध्ये संसदेत आणि १४ मे २०२४ ला मंत्रिपरिषदेत मंजूर झाला. ११ जून २०२४ ला तो अमलात आला आणि प्रत्यक्ष लागू होण्यासाठी जून-जुलै २०२६ ठरलं. यात डब्लिनचा गाभा कायम आहे. वर ‘सक्तीची पण लवचिक’ एकजूट बसवली आहे: मदत सर्वांनी करायचीच, प्रकार ज्याने त्याने निवडायचा.

प्रकार तीन. माणसं घ्या, पैसे द्या, किंवा कर्मचारी आणि साहित्य पाठवा. वर्षाला किमान ३०,००० फेरवाटपं आणि ६० कोटी युरो, म्हणजे न घेतलेल्या प्रत्येक माणसामागे २०,००० युरो. देशाचा वाटा निम्मा लोकसंख्येवरून आणि निम्मा सकल उत्पन्नावरून काढायचा. पहिलं चक्र वर्षाच्या मध्यावर सुरू होणार असल्याने २०२६ साठी आकडा २१,००० आणि ४२ कोटी युरो ठरला. दबावाखालचे देश म्हणून ग्रीस, सायप्रस, स्पेन आणि इटली यांची नोंद झाली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिला ‘जबाबदारीची वजावट’ म्हणता येईल. समजा, नियमाने इटलीने परत घ्यायला हवेत असे १,००० जण जर्मनीत आहेत. जर्मनी म्हणू शकते, हे आम्हीच ठेवतो, आमच्या वाट्यातून तेवढे वजा करा. फेरवाटपाची आश्वासनं गरजेच्या ६० टक्क्यांच्या किंवा ३०,००० च्या खाली गेली, तर ही वजावट सक्तीचीही होते. त्यामुळे २१,००० म्हणजे लांपेदुसाहून २१,००० माणसं विमानात बसणार, असं समजू नका. मोठा भाग कागदावरच फिटेल. हा हिशेब अप्रामाणिक नाही, कारण इटलीवरचं ओझं खरोखरच कमी होतं. फक्त ते धक्क्यावरून दिसत नाही.

सागरी मार्गासाठी दोन मुदती महत्त्वाच्या. अनियमित प्रवेशाची जबाबदारी आता १२ ऐवजी २० महिने राहते, पण शोध-बचावातून उतरवलेल्यांसाठी ती १२ महिनेच ठेवली आहे. समुद्रात वाचवणाऱ्या देशाला दिलेली ही सवलत आहे आणि आमच्या मते या करारातलं हे सर्वांत शहाणं कलम आहे. पण माणूस बेपत्ता झाला, तर परत पाठवणीची मुदत आता १८ महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली आहे, म्हणजे वाट पाहून मुदत टाळण्याचा जुना मार्ग बराच बंद झाला.

सीमेवर आधी सात दिवसांत छाननी: ओळख, आरोग्य, सुरक्षा, असहायता, ठसे आणि आता चेहऱ्याचं छायाचित्रही. ठशांसाठी वयाची अट १४ वरून ६ वर्षांवर आली आहे. ज्या राष्ट्रीयत्वाचा मान्यता दर २० टक्के किंवा कमी, त्यांचे अर्ज सीमेवरच, अपिलासह १२ आठवड्यांत निकाली काढायचे. एकटी आलेली मुलं, सुरक्षेचा धोका वगळता, यातून बाहेर. नकार मिळाल्यास परत पाठवण्यासाठी आणखी १२ आठवडे.

यासाठी संघभर ३०,००० जागांची क्षमता हवी. ही कुणाच्या वाट्याला किती आली ते बघा: इटली ८,०१६, हंगेरी ७,७१६. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा अशा देशाकडे, ज्याने मंत्रिपरिषदेत कराराच्या विरोधात मत दिलं आणि ज्याला आश्रयाचे नियम मोडल्याबद्दल जून २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने २० कोटी युरो आणि वर दिवसाला १० लाख युरो दंड केला. ते ७,७१६ कागदावरच राहिले तर दक्षिणेचा ताण हलका होणार नाही. दुसरा धोका असा की परत घ्यायला मूळ देश तयार नसेल, तर १२ आणि १२ आठवडे संपतात आणि माणूस त्याच बेटावर राहतो. मोरियात हेच झालं होतं.

एकच बोट, पाच निकाल

समजा, लांपेदुसाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर ८० जणांची बोट आहे. ४० बांगलादेशी, १५ इजिप्शियन (त्यात ६ मुलं एकटी), १५ एरिट्रियन, १० सुदानी. क्षेत्र माल्टाचं, पण उचलायला बहुधा इटलीचं तटरक्षक दल येतं.

निव्वळ डब्लिनमध्ये ८० च्या ८० फाईली इटलीच्या. २०१५ च्या कोट्यात ७५ टक्क्यांच्या अटीमुळे फक्त १५ एरिट्रियनांना संधी. २०१९ च्या जाहीरनाम्यात स्वयंसेवी जहाजाने उचललं तर सगळे वाटले जाऊ शकतात, इटलीच्या सरकारी जहाजाने उचललं तर उतरायचं इटलीतच. हीच बोट आणखी ४० मैल दक्षिणेला असती, तर लिबियाच्या क्षेत्रात गेली असती आणि ८० जण कदाचित कोठडीत असते. २०२४ च्या करारात ४० बांगलादेशी आणि ९ प्रौढ इजिप्शियन सीमेवरच्या प्रक्रियेत जातील. बाकी ३१ नेहमीच्या प्रक्रियेत, १२ महिने इटलीच्या जबाबदारीवर, आणि त्यांतल्या काहींना फेरवाटपाची शक्यता.

| पद्धत | बंधन | फाईल कुणाची | कुठे अडतं |
|---|---|---|---|
| डब्लिन | पूर्ण | प्रवेशाच्या देशाची | मुदती टळतात, परत पाठवणी होत नाही |
| २०१५ कोटा | पूर्ण, दोन वर्षं | ठरलेल्या देशाची | ७५ टक्क्यांची अट, उघड नकार |
| जहाजागणिक | ऐच्छिक | इच्छुक देशाची | प्रत्येक वेळी नवी बोलणी |
| तुर्की, लिबिया | राजकीय | युरोपबाहेर | दुसऱ्याच्या मर्जीवर, हक्कभंग |
| २०२४ करार | सक्तीचं, प्रकार ऐच्छिक | आधी प्रवेशाच्या देशाची, मग वाटप | हंगेरीच्या जागा, मूळ देशाचा नकार |

निवड करताना

येणाऱ्यांचा आकडा लवकरात लवकर खाली यावा हा तुमचा एकमेव निकष असेल, तर चौथी पद्धत तो खाली आणते. पण सौदा तुटला की तो परत चढू शकतो. शिवाय मार्ग बंद होत नाही, सरकतो. लिबियाचा पश्चिम किनारा अवघड झाला, तशा बोटी पूर्वेच्या तोब्रुकहून निघू लागल्या. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पायलोसजवळ बुडालेली ‘अद्रियाना’ तोब्रुकहूनच निघाली होती. तिच्यावर ७५० पर्यंत माणसं असल्याचा अंदाज होता, वाचली १०४.

निकष समान वाटपाचा असेल, तर २०२४ चा करार कोट्यापेक्षा कमी न्याय्य आणि कोट्यापेक्षा जास्त चालण्याजोगा आहे. आम्ही त्याच्या बाजूने आहोत. राष्ट्रीयत्वाची ७५ टक्क्यांची चाळणी गेली, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या देशाला निदान माणशी २०,००० युरो मोजावे लागतात किंवा दुसरी मदत द्यावी लागते. पण हा पाठिंबा एका मोठ्या उणिवेसकट आहे, आणि ती उणीव पाचही पद्धतींत सारखीच आहे. युरोपने फाईल वाटली, पैसा वाटला, पहाराही वाटला. फ्रॉन्टेक्स या युरोपीय संघाच्या सीमारक्षण संस्थेला २०२७ पर्यंत १०,००० चं स्थायी दल मिळायचं आहे. वाचवण्याचं काम मात्र कधीच वाटलं नाही.

एकदा एका देशाने ते एकट्याने करून पाहिलं होतं. ३ ऑक्टोबर २०१३ ला लांपेदुसाजवळ ३६० हून अधिक जण बुडाल्यावर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही नौदल मोहीम सुरू केली. वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं वाचली, खर्च महिन्याला साधारण ९० लाख युरो. इतर देशांनी खर्चात वाटा उचलला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या जागी फ्रॉन्टेक्सची ‘ट्रायटन’ आली, महिना २९ लाख युरोंची, इटलीच्या किनाऱ्यापासून ३० सागरी मैलांच्या आसपास गस्त घालणारी आणि मुख्यतः सीमारक्षणासाठी. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री एकाच बोटीबरोबर सुमारे ८०० जण गेले. ‘मारे नोस्त्रुम’सारखी मोहीम वर्षभर चालवायला त्या दराने १०.८ कोटी युरो लागतील. नव्या करारातल्या किमान ६० कोटींच्या हा पाचवा भागही नाही.

म्हणून उमेदवाराची भूमिका तपासताना ‘कराराच्या बाजूने की विरोधात’ एवढ्यावर थांबू नका. त्याच्या देशाचा वाटा किती, आणि त्यात माणसं किती, पैसे किती, वजावट किती, हे विचारा. आयोगाचा वार्षिक अहवाल ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अपेक्षित असतो आणि मंत्रिपरिषदेचा निर्णय वर्षअखेरीला, तेव्हा हे आकडे जाहीर होतात. पैसे कशावर जातात तेही बघा, कारण ते धक्क्यावरच्या डॉक्टरांवरही खर्च होऊ शकतात आणि युरोपबाहेरच्या देशांतल्या प्रकल्पांवरही. आणि माल्टाच्या क्षेत्रात, लांपेदुसाच्या दक्षिणेला ३५ मैलांवर, रात्री दोन वाजता बोटीचा फोन आला, तर जहाज कोणत्या देशाचं निघेल आणि त्याचं डिझेल कुणाच्या पैशाने भरलं जाईल, याचं उत्तर मागा.